डावीकडची सनई

संगीतावर इतका जीव टाकणारा आणि संगीत इतकं कमी ऐकणारा माणूस गोदावरीच्या आमच्या काठाला तरी माझ्या मावशीच्या यजमानांशिवाय दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना मावसाजी म्हणायचो. वडीगोद्रीच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गावात तेव्हा रेडिओसुद्धा चारचौघांनी मिळून ऐकायची वस्तू होती आणि मावसाजींच्या घरी मात्र चक्क स्टिरिओ होता. मुंबईला गोदीत कामाला असलेल्या त्यांच्या चुलतभावानं तो जुना म्हणून त्यांना देऊन टाकलेला. रेकॉर्ड प्लेयर, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. मी त्या वेळी अंबडला प्राथमिक शाळेत मास्तरीण होते आणि बहुतेक रविवारी एसटीनं मावशीकडे जायची. कितीतरी रविवार गेले, पण त्या घरात मी एक गाणं पुरतं ऐकलं असेल तर शपथ. सुई तबकडीवर टेकली, सनईचा पहिला सूर निघाला की मावसाजी हात वर करायचे, सुई उचलायचे आणि विचारायचे, "आलं का ध्यानात?" काय ध्यानात यायचं ते कुणालाच ठाऊक नसायचं. आम्ही आपले माना हलवायचो.

त्यांच्या आयुष्यात प्रश्न एकच होता. या यंत्रातला कोणता भाग आधी बदलावा? हा प्रश्न ते कुणालाही विचारत. एसटीच्या कंडक्टरला विचारलेला मी स्वतः ऐकला आहे. पुतणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी तो विचारला आणि नवरामुलगा "स्पीकर" म्हणाला म्हणून त्याच्या अकलेविषयी त्यांचं मत वाईट झालं. कारण त्या महिन्यात ते सुईच्या पक्षाचे होते. "सगळं सुईपासून येतं पोरी," ते मला समजावत. "बी किडकं असलं तर मंग खत घालून काय उपेग?" पुढच्या महिन्यात ते अँप्लिफायरच्या पक्षात गेले की बी बाजूला पडायचं आणि जमिनीचा कस महत्त्वाचा व्हायचा. नववीच्या सहामाहीत त्यांनी प्रश्नच घातला होता, 'आवाज सुधारण्यासाठी प्रथम काय बदलावे? कारणे द्या.' एका पोरानं उत्तर लिहिलं, 'मालक.' कारण दिलं नव्हतं म्हणून मावसाजींनी त्याला निम्मेच मार्क दिले.

नवी सुई त्यांनी जालन्याहून आणली तो प्रवास मी त्यांच्या शेजारी बसून केला आहे. कापसात गुंडाळलेली सुई तपकिरीच्या डबीत आणि डबी उघड्या तळहातावर. खड्डा आला की मावसाजी अर्धवट उभे राहत, म्हणजे हादरा गुडघ्यांत जिरावा. रस्ता असा की त्यांना बसायला मिळालंच नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी बराच वेळ हे पाहत होती. शेवटी तिनं मला हळूच विचारलं, "अस्थी हायेत का गं कुणाच्या?" मी नाही म्हणाले, तर तिला ते खरं वाटलं नाही. उतरताना तिनं डबीला हात जोडले.

सुईनंतर स्पीकरची खोकी आली. मावशीला कितीतरी दिवसांपासून लुगड्यांसाठी एक कपाट हवं होतं. सुतार मापं घ्यायला आला आणि मावसाजींनी त्याला आतल्या खोलीत नेलं. दोघं बाहेर आले तेव्हा कपाटाची खोकी झाली होती. सागवानी, आतून वाळू भरलेली, इतकी जड की ती ठेवली तिथली फरशी दबली. मावशीनं दोन्ही खोक्यांवर पापड वाळत घातले. मावसाजींनी सनई लावली, थरथरीनं पापड हळूहळू सरकत कडेला आले आणि खाली पडले. "बघितलं? खालचे सूर किती साफ येऊन राह्यले," मावसाजी आनंदानं म्हणाले.

पण हा आनंद टिकायचा नाही. त्या तबकडीवर सनई डावीकडच्या स्पीकरातून यायची आणि तबला उजवीकडच्या. मावसाजींचं सगळं दुःख त्या सनईत होतं. ती मागं पडते, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ती चांगली ऐकू यायची, पण आमच्या कानांना त्या घरात मत नव्हतं. सुई बदलली, सनई मागंच. अँप्लिफायर बदलला, सनई मागंच. मग त्यांनी दोन्ही स्पीकरांच्या वायरींची अदलाबदल केली. आता तबला डावीकडून वाजू लागला आणि सनई उजवीकडून. सनई एकदम मोकळी झाली, पण बिचारा तबला मागं पडला. वायरी पुन्हा होत्या तशा जोडल्या आणि त्या रविवारी मावसाजी जेवले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांचा चेहरा उजळला. यंत्र निर्दोष आहे, असा त्यांनी निकाल दिला. जे काही डावीकडं जातं ते कमी होतं, म्हणजे दोष डाव्या भिंतीचा. ती भिंत आवाज पिते.

भिंत मातीची होती आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्याची म्हैस बांधलेली असे. शेजारी गावच्या जुन्या पाटील घराण्यातले, मावसाजींच्या वर्गातले एकेकाळचे विद्यार्थी. भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर घरातल्या सगळ्या वाकळी टांगून झाल्या, तरी फरक पडेना तेव्हा मावसाजी पाटलांकडे गेले आणि म्हैस दुसरीकडे बांधायची विनंती केली. एवढं जाड जनावर भिंतीला टेकून उभं असतं, आवाज त्याच्या अंगात मुरतो, असं त्यांनी शास्त्रशुद्ध पटवून दिलं. पाटलांनी नीट ऐकून घेतलं. "बांधतो गुरुजी," ते म्हणाले. "पर हल्ली दूध जास्त देऊन राह्यली ती. गाण्यानंच आसंल. थोडं राहू द्या म्हणलं तिच्याबी वाट्याला." तरी त्यांनी म्हैस हलवली. दूध कमी झालं का ते ठाऊक नाही, सनई मात्र होती तिथंच राहिली.

याच सुमारास जयंतीची वर्गणी गोळा करणारी मंडळी घरी आली. दरवर्षी यायची. विहारासमोर मांडव पडतो, सगळी वस्ती जमते, तर वंदनेनंतर गुरुजींनी आपला स्टिरिओ लावावा, एवढंच त्यांचं मागणं. कर्ण्यातून नुसता खरखराट ऐकून लोक कंटाळले होते. मावसाजी वर्गणी सढळ हातानं द्यायचे आणि स्टिरिओला नाही म्हणायचे. "तयार न्हाई अजून. एवढ्या लोकांपुढं अर्धी सनई कशी नेऊ मी?" मंडळी जायची. मावशी दारात उभी राहून त्यांना पाठमोरं पाहत राहायची.

त्यानंतरच्याच एका रविवारी मावसाजी खुर्चीत बसून पहिला सूर ऐकत होते. त्यांची खुर्ची दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, खडूनं आखलेल्या जागी असे. मावशी भाकरी टाकून बाहेर आली. पदराला हात पुसत ती म्हणाली, "जरा पाठ करून बसा बरं त्या डबड्यांकडं."

"काहून?"

"बसा तं खरं."

मावसाजी खुर्ची फिरवून बसले. मी सुई ठेवली. दोन क्षण त्यांनी डोळे मिटले आणि मग ते जवळजवळ उडालेच. सनई मोकळी झाली होती आणि तबला बुडाला होता. "उजवा बी बिघडला!" ते म्हणाले. ते म्हणताना त्यांचा आवाज आनंदी होता, नवा दोष सापडल्यासारखा. पण विज्ञानाचे मास्तर होते ते. उजव्या स्पीकराला काही झालेलं नव्हतं. तो फक्त आता त्यांच्या डाव्या हाताला आला होता.

मावशी त्यांच्या डाव्या खांद्यामागं उभी होती. "जेवायला चला," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात म्हणाली, मला यंत्रापाशी ऐकू आलं. मावसाजींनी मान वळवली नाही. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "लई दिवस झाले," ती मला म्हणाली. "आधी वाटायचं, माझ्याकडं ध्यान न्हाई यांचं. रुसले बी मी. मंग कळलं, उजव्या अंगानं बोललं की बराबर वळतात." आणि ती वळसा घालून त्यांच्या उजवीकडं गेली आणि पुन्हा म्हणाली, "चला."

औरंगाबादला कानाच्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी नादकाटा वाजवून त्यांच्या कानापाशी धरला, तर मावसाजींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि आमच्या शाळेतला यापेक्षा बरा आहे, असं सांगितलं. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले की डाव्या कानाची नस सुकत चालली आहे, त्यावर औषध नाही, उजवा चांगला आहे, तो जपा. मावसाजींनी अगदी साधेपणानं विचारलं, "म्हणजे हा भाग बदलून भेटत न्हाई?" डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला. मावशीनं आणि मी खाली पाहिलं.

येताना एसटीत ते खिडकीपाशी बसायला गेले आणि थांबले. मावशीला त्यांनी खिडकी दिली, म्हणजे ती उजवीकडं यावी. गेवराईकडे जाणारी ती गाडी भरून वाहत होती, मी पुढच्या बाकावर होते. औरंगाबाद मागं पडलं तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "मला सांगितलं काहून न्हाई?" मावशी म्हणाली, "तुम्ही भिंत दुरुस्त करून राह्यले होते. म्हणलं, होऊ द्या." आणि त्यानंतर दोघंही हसत होते. आधी मावशी, मग तेही. खड्ड्यात गाडी आपटली तेव्हाही ते बसलेलेच होते.

पुढच्या वर्षी जयंतीला मंडळी घरी यायच्या आत मावसाजी स्वतःच त्यांच्याकडे गेले. पाटलांच्या बैलगाडीतून स्टिरिओ विहारासमोर आला. खोकी उतरवताना गाडीवान शिव्या घालत होता. निळ्या पताकांखाली सगळी वस्ती बसली होती, पाटीलही येऊन कडेला टेकले होते. वंदना झाली, भाषणं झाली आणि मावसाजींनी सुई ठेवली. ती त्यांनी उचलली नाही. ते समोर जाऊन बसलेही नाहीत. स्पीकरांकडं पाठ करून ते लोकांसमोर उभे राहिले आणि सनईच्या स्पीकरापुढं बसलेल्या बायकांचे चेहरे एकेक करून पाहत राहिले. एक आजी पोराला मांडीवर घेऊन डोळे मिटून डोलत होती, तिच्याकडं जास्त वेळ.

मग ते आमच्याजवळ आले. "सनई कशी वाटून राह्यली?" त्यांनी मला विचारलं. मी छान म्हणाले. "छान म्हणजे कशी?" मला सांगता येईना. अंबडला मी मुलांना निबंध शिकवायची, पण शब्द सुचला नाही.

मावशी त्यांच्या उजव्या बाजूला सरकली. "लगीनघर दोन गल्ल्या पल्याड असावं," ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "आन् वारा आपल्याकडं असावा. तशी."

मावसाजींनी डोळे मिटले. थोड्या वेळानं मान हलवली. "हां," ते म्हणाले. "बराबर."

पुढं त्यांनी त्या यंत्रातलं काही बदललं नाही. नंतरच्या वर्षांत मी गेले की संध्याकाळी दोघं ओसरीवर बसलेली असायची, मावशी नेहमी उजवीकडं. सनई वाजत असायची, आणि ती कधी लांबच्या विहिरीवरच्या रहाटासारखी, कधी दळून झाल्यावर थांबत आलेल्या जात्यासारखी आहे, असं मावशी त्यांना सांगत असायची. गाण्यातलं तिला काही कळत नव्हतं. ते मात्र उजवा कान तिच्याकडं करून, मध्ये एकदाही हात वर न करता, ऐकत बसायचे.