सासूबाईंनी पास केलेला दात

दातावर कॅप बसवताना डॉक्टरांनी विचारलं, "उंच लागतेय का?" आणि चांगली उंच लागत असताना मी 'नाही' म्हणून मान हलवली. असला शहाणपणा मी आयुष्यात एकदाच केला असं नाही, पण ठणकला हाच जास्त.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापुरात नवी सून होते. कडक भाकरी चावताना पुढचाच दात तुटला, आणि वळसंगला भावाचं लग्न तोंडावर आलेलं. तिथं तोंडाला पदर न लावता हसायचं, एवढाच माझा हट्ट. डॉक्टरांनी दात घासून त्याचा खुंट केला, तोंडात मेणाचा गोळा कोंबून माप घेतलं. पुण्याहून कॅप यायला पंधरवडा गेला.

बसवायच्या दिवशी सासूबाई खुर्चीशेजारी स्टुलावर. सुनेनं परक्या पुरुषापुढं एकटीनं तोंड उघडायचं म्हणजे काय! डॉक्टरांनी दातांमध्ये, जास्त टेकेल तिथं डाग उठवणारा निळा कागद धरून चावायला लावलं, आणि तो प्रश्न विचारला. माझ्याआधी सासूबाईच म्हणाल्या, "न्हाय न्हाय, बराबर बसलाय की! मोत्यागत दिसतोय."

निळा डाग बघून डॉक्टरांना शंका आली असावी. त्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. पण आमच्या घरात आमटी अळणी झाली तरी सासूबाईंसमोर कुणी बोलायचं नाही, तिथं परक्यादेखत त्यांना खोटं पाडायचं? हलवली मान. कॅप पक्की चिकटली.

लग्नात हसले झकास. जेवताना मात्र तो एकच दात खाली टेकायचा, बाकीची बत्तीशी अधांतरी! जबडा नुसता ठणकत होता. पुरी बाजूला सारून मी हुग्गी, म्हणजे आमची गव्हाची खीर, तेवढी चोखत बसले. ताट तसंच राहिलेलं बघून पंगतीतल्या बायका कुजबुजल्या, आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी नातवाचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

त्यांचा हिरमोड करून पुन्हा दवाखाना गाठला. या खेपेला डॉक्टरांनी सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं, निळा कागद धरला आणि तोच प्रश्न विचारला. मी गाढवीण दाराकडं बघायला लागले. डॉक्टरांनी हातातलं दात घासायचं यंत्र खाली ठेवलं.

"बाई, दात तुमचा, ठणका तुमचा. आता तरी सांगता, का बाहेर जाऊन सासूबाईंना विचारून येता?"