काकूचं गाणं कोणत्या नावाखाली होतं

‘एकही नोंद आढळली नाही.’

मी काकूचं नाव पुन्हा टाइप केलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. पार्वती. बेलवली. विवाहगीते.

पुन्हा तेच.

बाजूच्या पलंगावर काकू जागी होती. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली होती. डोळे तेवढे फिरायचे.

"ताई, मिळेल ना?" नितीनने विचारलं. नितीन तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ. "मला आईचा आवाज आठवेनासा झालाय. कालपासून आठवून बघतोय."

काकू लग्नात धवला म्हणायची. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ. पण कुणी मोबाइल समोर धरला की तोंडाला पदर लावायची.

घरात तिचे फोटो आहेत. आवाज नाही.

फक्त एकदा, नितीन लहान असताना, एक बाई बेलवलीच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. पीएचडीसाठी. तिचं नाव कुणालाच आठवत नव्हतं.

पण प्रबंध पुरा झाला असेल तर प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असणार, एवढं मला माहीत होतं.

मी उल्हासनगरला शिकवते. आमच्या कॉलेजच्या लायब्ररियनला फोन लावला.

"अरे मॅडम, सर्च बॉक्स में क्यों अटकी हो? डिपार्टमेंट से घुसो. फिर साल देखो. और पीडीएफ खोलके अंदर ढूँढो."

तसं केलं. लग्नाच्या गाण्यांवरचे प्रबंध बरेच निघाले. एकेक उघडून आत पार्वती शोधली.

दोन पार्वती मिळाल्या. आमची नव्हे.

दुपारी मांजर्लीहून मामा आले. काकूचे धाकटे भाऊ. मी काय करतेय ते त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"कंच्या नावानं शोधतस?"

"पार्वती."

"सासरच्या नावानं माहेरचं गानं शोधतस व्हय गो? कसं गावंल?"

मामा हसले. मग काकूकडे बघून म्हणाले, "ही हिरा. पार्वती तुम्ही केली, लग्नात. गानी आमच्या आयशीची. गान्यासाठी नाव इचारलं तर ही हिराच सांगनार."

मामा तिला कायम ‘बाय’ म्हणायचे. हिरा हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

नितीन उठून खिडकीपाशी गेला.

मी तेच प्रबंध पुन्हा उघडून हिरा टाकलं.

सापडली. हिरा, बेलवली. तिची गाणी, ओळीखाली ओळ छापलेली.

आवाज नव्हता. प्रबंधात आवाज कुठून असणार?

पण आता संशोधिकेचं नाव हातात होतं. ती कुठे शिकवते ते शोधलं. ई-मेल केला, खाली माझा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली. सोबत एवढंच:

"कॅसेट जपून ठेवली होती. हिराताई बऱ्या आहेत ना?"

मी फोन काकूच्या उशाशी ठेवला. नितीन पायाशी बसला. मामा दारात उभे.

आधी खरखर. मग काकू. आमच्या आताच्या वयापेक्षा लहान असलेली काकू.

गाणं चांगलं चाललं होतं. मध्येच थांबलं.

"थांबा हां बाई जरा. नित्या! चप्पल घाल आधी. ऊन हाय बाहेर, पाय पोलतील. ऐकतंय का बघ मेला!"

संशोधिका हसली. काकूही हसली. मग गाणं तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

नितीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"परत लाव," तो म्हणाला. "गाणं नको. त्याच्या आधीचं."

परत लावलं.

काकू त्याच्याकडे बघत होती. मामांनी वाकून तिला हाक मारली.

"हिरा."

तिने मान वळवली. ओठांची एक बाजू वर गेली.

आम्ही ते संध्याकाळपर्यंत ऐकत राहिलो. ती ऐकता ऐकता झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेली. नाक्यावर लावायच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी नाव विचारायला फोन आला. नितीन म्हणाला, दोन्ही लिहा.

त्याला आज वर्ष झालं.

हिराकाकू, तुला नमस्कार.