हुकवाल्या काकांची पिन

काकांचा धंदा रोपांचा, पण लोक त्यांना म्हणायचे हुकवाले काका. आता याला काय म्हणावं? माणसाने जन्मभर झाडं जगवली आणि नाव मिळालं ते लोखंडावरून.

कारण ती सात सीटची गाडी. लेक लहान असताना ती गाडी घ्यायला काका-काकू शोरूममध्ये गेले. विक्रेता सीटा दाखवतोय, गाणी लावून दाखवतोय, आणि हे गृहस्थ गाडीखाली उताणे. ट्रेलरचा हुक कुठे बसेल ते बघत होते. कंपनीचा हुक नव्हताच. मग तो बाहेरून मागवला, गॅरेजवाल्याकडून चेसिसला बोल्टांनी बसवून घेतला, आणि काम होईपर्यंत त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर बसून राहिले.

"मला बघायला आलात तेव्हा इतकं वाकून पाहिलं नव्हतंत," काकू म्हणाल्या.

"तुला ट्रेलर ओढायचा नव्हता."

"नव्हता? मग इतकी वर्षं काय ओढतेय मी?"

जोडणीला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मातीची पोती पुढच्या अंगाला, कुंड्या मधे, हलकी रोपं मागे. वजन मागे पडलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे त्यांचं रोजचं पुराण. मग ट्रेलरचा दांडा हुकाच्या गोळ्यावर बसवायचा, वरची पकड दाबायची, आणि शर्टाच्या खिशातून बोटाएवढी पिन काढून पकडीत अडकवायची, म्हणजे ती वाटेत उघडत नाही. शेवटी दोन साखळ्या, दांड्याखालून फुली मारून. "सुटलाच कधी, तर झोळीत पडेल, रस्त्यावर नाही." सगळं झालं की मागच्या फळीवर दोन थापा. त्या ऐकल्याशिवाय गाडी हलत नसे.

मग डोळ्यांनी दगा दिला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही पुसट. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं, तेव्हा काकांनी किल्ली काकूंच्या हातात ठेवली, एका शब्दाने कुरकुर केली नाही. काकू चालवू लागल्या. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं वळवावं लागतं, ते अंगवळणी पडेपर्यंत नर्सरीच्या फाटकाचा एक खांब गेला. पण जमलं. जोडणी मात्र काकांकडेच राहिली. चाचपून, बोटांनी बघून करायचे, दुप्पट वेळ लावायचे.

इकडे काकूंचा जीव टांगणीला. बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यांनी आपली एक युक्ती काढली. पेट्रोल पंपापाशी गाडी थांबवायची, "चाकातली हवा बघते" म्हणायचं, आणि मागे जाऊन वाकून पिन बघायची, साखळ्या बघायच्या. कधी काही चुकलेलं सापडलं नाही. तरी दर खेपेला थांबायच्याच. काका आत बसून समोर बघत राहायचे. त्यांना तिथे काय दिसत होतं, देव जाणे.

लेक फोनवर मागेच लागली होती. "आई, सांग ना बाबांना आता. एखाद्या दिवशी कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

"डोळे गेले त्यांचे. आता हातही काढून घेऊ?"

लेकीचंही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

एका शाळेच्या बागेसाठी मोठी खेप न्यायची होती. पंपापाशी काकू उतरल्या. पकड नीट बसलीय ना, म्हणून त्यांनी पिन ओढून काढली, पकड हलवून पाहिली. घट्ट होती. तेवढ्यात फोन वाजला. लेकच, आणि विषयही तोच. काकू बोलत बोलत, चिडत, गाडीत येऊन बसल्या.

सपाट रस्त्यावर एका खड्ड्यात खाडकन आवाज झाला आणि मागून हिसका बसला. आरशात ट्रेलरचं तोंड खाली गेलेलं.

"ब्रेक दाबू नकोस," काका म्हणाले. "पाय उचल. सरळ धर."

गाडी सरपटत थांबली. दांडा साखळ्यांच्या फुलीत पडून होता. दोन मुलांना घेऊन स्कूटरवरून मागून येणारी एक बाई वळसा घालून पुढे गेली.

काका गुडघ्यांवर बसले. बोटांनी पकड चाचपली, पुन्हा चाचपली. पिन नव्हती.

"लावल्यासारखी वाटली मला," ते म्हणाले. मग उठले, हात पँटला पुसले. "संपलं. आता मी हात लावणार नाही."

काकूंनी रुमालासाठी अंगातल्या कामाच्या ॲप्रनच्या खिशात हात घातला, आणि बोटांना पिन लागली.

खरं सांगायचं, तर इतके दिवस आपण मागून तपासत होतो हेही सांगावं लागणार. आणि न सांगितलं तर? भांडण नाही, कडू बोलणं नाही, लेकीला हवं तेच आपोआप झालेलं. काकू मूग गिळून बसल्या. लेक म्हणाली, "बरं झालं, स्वतःहून सोडलं."

बरं कसलं. काकू नवी पिन आणून एकट्या खेपा करू लागल्या, काका नर्सरीत खुर्चीवर. हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि तसाच परत यायचा. एका सकाळी काकूंनी त्यांना कलमांना पाणी घालायला सांगितलं.

"नको," काका म्हणाले. "जास्त झालं तर मरतील. तूच घाल."

ओली माती नुसती चिमटीत धरून पाणी सांगणारा हा माणूस. आपण त्याची पिन नाही, त्याचा स्वतःवरचा विश्वासच खिशात घालून फिरतोय, हे काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी ॲप्रनमधून ती जुनी पिन काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवली.

"तुम्ही लावली होती. पंपापाशी मी काढली, बघायला. परत लावायची विसरले."

काकांनी पिन बोटांत फिरवून पाहिली.

"दर वेळी बघायचे मी," काकूंनी तेही सांगून टाकलं.

"ठाऊक आहे. हवा बघते म्हणायचीस आणि पावलं जायची हुकापाशी. डोळे गेलेत माझे, कान नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बघतेस, या भरवशावर तर हात लावत होतो. नाहीतर माझी काय छाती होती?" मग आवाज खाली आला. "पण लावली होती, एवढं तरी आधी सांगायचंस गं."

काकू खुर्चीच्या दांडीला धरून रडल्या. काकांनी त्यांना गप्प केलं नाही.

पुढच्या खेपेला काका उठून ट्रेलरपाशी आले. दांडा बसवला, पकड दाबली, खिशातून पिन काढून अडकवली, साखळ्यांची फुली घातली. थापा मारल्या नाहीत. बाजूला सरकून उभे राहिले.

"बघ," ते म्हणाले. "आता माझ्यासमोर बघ."

काकू गुडघ्यांवर बसल्या. पिन काढली नाही, नुसतं बोट लावून पाहिलं. मग साखळ्या पाहिल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

काका फळीला धरत धरत मागे गेले आणि त्यांनी दोन थापा मारल्या.