पाठीवरचा चौकोन

किस्से साचायला फार काही लागत नाही. एक बाकडं, कुरकुरणारा पंखा आणि 'मॅडम राऊंडला गेल्यात, येतीलच' असं सांगणारा कंपाउंडर, एवढं पुरतं! नांदेडच्या आमच्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडे हे सगळं आहे. शिवाय आतल्या खोलीला नुसता पडदा, त्यामुळं आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. बाहेर आम्ही सोरायसिसवाले, भर मे महिन्यात पूर्ण बाह्या घालून बसलेले. सिटी बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहते. या बाकड्यावर मात्र लोक खेटून बसतात. खरं सांगायचं तर मी नंबराच्या तासभर आधी जाते ती एवढ्यासाठीच.

सगळ्यांत जास्त खेटून बसतात त्या सईदा आपा. देगलूर नाक्याकडं राहतात, ब्लाऊज शिवतात, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांचं एकच पालुपद: "माझी सून लई गुणाची. रोज पाठीला मलम लावती!" हे त्यांनी बाकड्याला सांगितलंय, कंपाउंडरला सांगितलंय, डॉक्टरबाईंनाही सांगितलंय. मला त्यांचा हेवा वाटायचा.

*

मुदखेडकडचे एक काका होते. महिनाभर पुरायची ती ट्यूब त्यांनी आठवड्यात संपवली. डॉक्टरबाई चिडल्या.

"काका, पातळ थर सांगितला होता ना? बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढा, तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं."

"जितकं जादा, तितकं लवकर बरं, न्हाई का?"

"सोयाबीनवर औषध दुप्पट मारलं तर काय होतं?"

"पीक जळतंय की."

काका हळूच म्हणाले, "म्हंजे म्या सवतालाच जाळून राहिलो व्हय?"

*

नायगावचा एक नवरदेव आला होता. सोरायसिस त्याला नव्हताच, त्याच्या मामाला होता. मामाचं मलम यानं गोरं दिसायला तोंडाला लावलं. लग्न ठरल्यापासून रोज! आधी चेहरा उजळला, मग गाल लाल झाले आणि पुटकुळ्या उठल्या.

"बंद का नाही केलंस?"

"लावलं न्हाई की लई आग होती, मॅडम."

"अरे, ते स्टिरॉइड आहे. दुसऱ्याचं औषध, आणि तेही तोंडाला! आता हळूहळू सोडवावं लागेल. लग्न कधी आहे?"

"झालं की मागल्या महिन्यात!"

"मग अजून कशाला लावतोस?"

"तिनं ह्याच तोंडाला हो म्हटलंय ना मॅडम!"

आख्खं बाकडं हसलं. मीही हसले. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं मला पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घातला होता. चहा देताना बाही जरा वर सरकली, आणि पाहुण्यांना एकदम बसची वेळ आठवली.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालतात. माझा डबा उघडला की सगळ्यांचं डायट सुरू होतं! एकदा मी धपाटे आणि दह्यातली चटणी नेली. हेडमास्तर टक लावून बघत होते.

"घ्या ना सर. हे चिकटत नाही. डॉक्टरांकडून लिहून आणू का?"

"छे छे, मॅडम, तसं काही नाही! आज माझा उपवास आहे."

एवढं बोलून त्यांनी शेजारच्या डब्यातलं उकडलेलं अंडं उचललं.

धपाटे मी संध्याकाळी घरी एकटीनं खाल्ले. चांगले झाले होते.

*

आई होती तोवर पाठीला मलम तीच लावायची. ती गेली आणि पाठ पोरकी झाली. आधी उलथण्याला फडकं बांधून पाहिलं, तर मलम केसांना लागलं. मग दाराच्या चौकटीला मलम फासलं आणि म्हशीसारखी पाठ घासली. दुसऱ्या दिवशी घरमालकीण काकू चौकटीवर बोट फिरवत उभ्या!

"टीचर, चौकटीला तूप लावलं का? पूजा होती?"

"काकू, आम्ही बौद्ध. आमच्यात चौकट पुजत नाहीत."

"मग हे काय हाय?"

"वाळवीचं औषध," मी ठोकून दिलं.

काकूंनी बोट नाकाशी नेलं. "मग आमच्या बी चौकटीला लावा की जरा!"

*

मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी माझी पाठ बघितली.

"ताई, हातपाय छान झालेत. पाठही कडेकडेनं बरी आहे. मधे एवढा चौकोन मात्र तसाच. पाठीला कोण लावतं?"

'कुणी नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"बहीण," मी म्हटलं.

"रोज लावूनही असं असेल तर मलमानं भागत नाही. गोळ्या सुरू कराव्या लागतील. त्या साध्या नसतात, सारखं रक्त तपासावं लागतं. त्याआधी एकदा बहिणीला आणा. ती कसं लावते ते बघते मी."

मला बहीण नाही. खोटं मी बोलले होते, आणि त्यापायी नको त्या गोळ्या पोटात जाणार होत्या.

ब्लाऊजचं निमित्त काढून मी आपांच्या घरी गेले. शिलाई मशीन, एक ताट, एक कप.

"सून कुठं गेली?"

"हैदराबादला हायत दोघं. ईदला येतीन," म्हणत आपा चहा टाकायला वळल्या. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले. भिंतीवर खिळ्याला उलथणं टांगलं होतं. त्याला फडकं बांधलेलं.

मी काही विचारलं नाही. माझं खोटं तेवढं त्यांना सांगितलं आणि म्हटलं, "आपा, एका दिवसापुरती माझी बहीण व्हाल?"

"बस्स? एवढंच व्हय!"

*

पडद्याआड आम्ही दोघी एकदमच गेलो.

"आपा, तुमचा नंबर नंतर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आत्ता म्या पेशंट न्हाई, मॅडम. हिची बहीण हाय."

डॉक्टरबाईंनी आपांचा बुरखा बघितला, माझ्या कागदावरचं नाव बघितलं. "सख्खी?"

"बघा की!" आपांनी आपली बाही वर सारली, माझीही सारली आणि कोपराला कोपर लावलं. दोन्हींवर तेच फिकट डाग. "एका घरचं दिसून न्हाई राहिलं का?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपांच्या बोटावर मलम काढून दिलं. "फक्त डागावर. चांगल्या कातडीला नाही. हळू पसरवा, मग हात धुवा. आणि मी सांगेन तोवरच. मनानं वाढवायचं नाही, एकदम सोडायचंही नाही."

आपांचं बोट त्या चौकोनावरून फिरलं. आई गेल्यापासून तिथं माणसाचा हात लागला नव्हता. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले, तरी रडू आलंच.

"जमलं की! गोळ्यांचं नंतर बघू." डॉक्टरबाईंनी आपांची फाईल ओढली. "आता तुमचं. तुमचीही पाठ मधेच राहिलीय, आपा. सुनेला एकदा असंच शिकवावं लागेल. कधी आणता तिला?"

आपा बोटावरचं उरलेलं मलम पुसायला लागल्या.

मी डोळे पुसले, पदर सारखा केला, आपांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि मलमासाठी डॉक्टरबाईंपुढं बोट केलं.

"आलीय की मॅडम, सून!"