घोडीच्या पायातला काळा दोरा

घोडीच्या पायाला काळा दोरा मी बांधला. कोणाला दिसू नये म्हणून वरचे केसही मीच विंचरून बसवले.

घोडी शिरगावच्या मेहुण्याची. शिंगरू होती तेव्हापासून माझ्या बायकोच्या हातचा गूळ खाऊन वाढलेली. पैदास संस्थेचा 'उत्तम' शेरा मिळाला, तर तिच्या शिंगरांना मागणी येणार आणि ती वाडीतच राहणार. नाही मिळाला, तर बोईसरच्या वरातीवाल्याकडे जाणार. नुसतं बसवून खाऊ घालणं मेहुण्याला झेपत नव्हतं. शेऱ्यासाठी लागणारी लांब पल्ल्याची दौड तिनं हिवाळ्यात मारली होती. राहिली होती अंगतपासणी: उंची, दात, खूर आणि कडक जमिनीवरची दुडकी चाल.

गावभर तिचं कौतुक चाललेलं. मला वाटलं, दृष्ट लागेल. मेहुणा असलं काही मानत नाही, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी गुपचूप बांधला. संध्याकाळी तो तिला रोजच्यासारखा समुद्रात उभी करून आला, पाय निवावेत म्हणून. सुती दोरा भिजला की आवळतो. तारापूरच्या कापड कारखान्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सुचायला हरकत नव्हती.

सकाळी ती दुडकीला लागली आणि चार पावलांत मागचा डावा पाय उचलून उभी राहिली. संस्थेच्या तपासणीस बाई वाकल्या. केस बाजूला करून त्यांनी कात्रीनं दोरा कापला. खाली सूज, आणि कातडीत लाल खाच.

"हा कोणी बांधला?"

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, तुमी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"लंगडत्या घोडीला शेरा नाही देता येत," बाई हळूच म्हणाल्या, पण वहीत लिहिलं. "सूज उतरेल. पुढच्या वर्षी आणा."

तेवढं थांबणं मेहुण्याला शक्य नव्हतं. आठ दिवसांनी वरातीवाल्याचा टेंपो आला. फळीवरून चढताना घोडी जराही लंगडली नाही. बायकोच्या मुठीतला गूळ मुठीतच राहिला.

परतताना रिक्षा पालघरला पोचली. तेव्हा बायको म्हणाली, "पुढच्या वेळेला दोरा माझ्या पायात बांधा. आवळतो हाय, हे मी बोलून तरी सांगीन."