वांग्यावर ढकललेली सूज

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं शिफ्ट सुपरवायझर होतो. डॉक्टरांचे रबरी हातमोजे तिथे बनायचे. रबराचा चीक ड्रममधून यायचा, दुधासारखा पांढरा. झाकण काढलं की अमोनियाने डोळ्यांत पाणी. चिनी मातीचे हाताच्या आकाराचे साचे त्यात बुडायचे, वर यायचे, धुऊन भट्टीतून फिरायचे. आमच्या लाइनवर शुद्ध केलेलाच चीक वापरायचा, असा नियम होता. साध्या चिकातली प्रथिनं काही लोकांना सोसत नाहीत. ती काढलेली आहेत, असं आमच्या खोक्यांवर छापलेलं असे.

तपासणीला एक ताई होत्या, माझ्याहून मोठ्या. मोज्यात हवा कोंडून तो गालाजवळ धरायच्या. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्यांच्या गालाला कळायचं.

एका मे महिन्यात उन्हाने शुद्ध चीक दूध फाटावं तसा फाटला. माल पाठवायचा दिवस तोंडावर. मी साध्या चिकाचे दोन ड्रम टाकीत ओतायला लावले आणि वर कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी ताईंचा गाल सुजला, डोळा मिटला, दम लागला.

"काय खाल्लं होतं, ताई?"

"वांग्याची भाजी, साहेब. काल पंगत होती."

"मग वांगंच ते."

हे बोलायला मला क्षणही लागला नाही. तेच जास्त खुपतं.

इंजेक्शन झालं, चार दिवसांची सुट्टी झाली. तेवढ्यात मिसळलेला चीक संपला. ताई परत आल्या त्या वांगं सोडूनच, आणि पुन्हा काही झालं नाही. त्यांची खात्री पटली. पुढे डब्यात कोणी वांगं काढलं की त्या हात आडवा करायच्या, "मले नोको वं, साहेबानं बंद केलं." बाया हसायच्या. मीही हसायचो.

यंदा त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. मी धंतोलीतल्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा सिस्टर फॉर्म भरत होती.

"मावशी, कशाची अ‍ॅलर्जी?"

"वांग्याची. लिही."

शेजारच्या ट्रेमध्ये पिवळसर मोजे होते. रबराचे मला लांबूनही ओळखू येतात.

"वांग्याची नाही, सिस्टर. रबराची असेल. डॉक्टरांना सांगा, तोवर हे मोजे नको." आणि ताईंकडे न बघता मी सगळं सांगून टाकलं. दोन ड्रम, तिसरा दिवस, सगळं.

सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावली. ताई छताकडे बघत म्हणाल्या,

"नऊ वर्षं झाली, साहेब. लेकीच्या लग्नात भरली वांगी होती. म्या नुसता वास घेतला." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तुमी समोर बसून हासत होते."

"चुकलं माझं, ताई."

ताईंनी विचारलं, "त्या दोन ड्रमचे खोके कुठं गेले जी?"

"वेगवेगळ्या दवाखान्यांत."

"वरतं छापेल तेच होतं न, शुद्ध चिकाचं?"

"हो."

त्यांनी गालावर हात ठेवला, मोजा धरायच्या तिथेच. "मायाजवळ तुमी आज आले. तिथल्या लोकायजवळ कोण जाईन?"

डॉक्टर आले, मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसून मी कारखान्याला पत्र लिहायला घेतलं. त्या मालाचा लॉट नंबर शोधावा लागला नाही. पाठ होता.