टॅप्सेलची पाटी

थेम्सच्या काठी, हॅमरस्मिथला, एब टॅप्सेलच्या हातची नाव ज्यानं वल्हवली नाही असा साहेब राणीच्या राज्यात शोधून सापडला नसता. शर्यतीच्या लांबलचक नावा तो बांधायचा आणि वल्हं कसं धरायचं हेही बड्या घरच्या पोरांना तोच शिकवायचा. पोरं बक्षिसं मिरवायची आणि हा धक्क्यावरून टोपी हलवायचा. नियमच तसा. मोठ्या शर्यती हौशी लोकांच्या, आणि हातानं काम करून पोट भरणारा माणूस हौशी नव्हे. सगळा जन्म पाण्यावर काढलेल्याला हौस नाही म्हणे! आता बोला!

म्हणून एबनं आपल्या रूबेनला कधी रंध्याला हात लावू दिला नाही. बायकोनं, डॉर्कसनं, लोकांचे कपडे धुऊन त्याला शिकवला आणि पोरगा वकिलाच्या कचेरीत कारकून झाला. पहाटे मात्र बापानं त्याला नदीवर असा घासून घेतला की त्याला गाठेल असा गडी त्या काठाला उरला नाही. उन्हाळ्याच्या मोठ्या शर्यतीत त्याचं नाव लागलं. टॅप्सेलांच्या घराण्यात पहिलंच.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात रूबेनला एकवीस वर्षं पूर्ण झाली. नाव बांधणाऱ्यांची तिथली रीत अशी की मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बाप दुकानाच्या पाटीवर 'आणि मुलगा' असं चढवतो, मग तो धंद्यात असो वा नसो. एबनं शिडी लावली आणि सोनेरी रंगात, जीव ओतून, अक्षरं काढली.

"अहो, शर्यत तरी होऊ द्या," डॉर्कस खालून म्हणाली. "एवढी कसली घाई?"

"अगं, जिंकल्यावर सगळेच त्याचे बाप होतील. त्याआधी मला तर होऊ दे!"

दोन दिवसांनी शर्यत समितीचे साहेब नावेतून आले. त्यांतल्या एकाला एबनंच वल्हं धरायला शिकवलं होतं. त्यांनी पाण्यातूनच पाटी वाचली.

"म्हणजे मुलगा धंद्यात आहे."

"छे हो साहेब! त्यानं एक खिळा ठोकलेला नाही. ही आमची रीत आहे, बापजाद्यांची!"

"पाटी तुमचीच आहे ना, टॅप्सेल?"

शर्यतीच्या यादीतून रूबेनचं नाव खोडलं गेलं.

संध्याकाळी रूबेन घरी आला तेव्हा म्हातारा शिडीवर उभा राहून पटाशीनं अक्षरं खरवडत होता.

"बाबा, खाली या."

"थांब रे, पुसलं की घेतील ते तुला."

"नाही घेणार."

"अरे, मग शिव्या तरी दे मला! मीच माती केली तुझी!"

रूबेननं शिडी धरली. "ते राहू द्या, बाबा. शर्यतीतून तर गेलोच, निदान पाटीवर तरी राहतो."

शर्यतीला बापलेक धक्क्यावर उभे होते. एबनं बांधलेलीच नाव जिंकली. रूबेननं टोपी काढून हलवली. एबचा हात काही वर गेला नाही.

घरी परतताना रूबेन म्हणाला, "सोमवारपासून दुकानात येतो. आता हे हात कुणासाठी राखायचे?"

एबनं पोराचे ते रंध्याला कधी न लागलेले हात आपल्या हातात घेतले आणि भर रस्त्यात तो ढसाढसा रडला.